पाचवा रकाना

मी धरायचो. एवढंच काम.
औंधच्या जुन्या शेडमध्ये, सकाळी आठला,
बैलाची शिंगं, शेळीचे मागचे पाय,
कुत्र्याचं तोंड सुतळीनं: दोन वेढे अन् कानामागं गाठ.
पोरं शिकायची. जनावर उसळलं की ओरडायची,
"मामा, नीट धरा!"
नीट म्हणजे हलू नये असं.

आगटे मॅडम आल्या ते नव्वद साल असावं.
लुनावरून, डोक्याला स्कार्फ, पिशवीत स्टीलचा डबा.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"भूल उतरायला लागली की तुमच्या हाताला कळतं ना?"
कळायचं.
अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, आधी कातडी थरथरते,
माशी बसल्यासारखी, पण माशी नसते.
त्यांनी ते लिहून घेतलं. खाली माझं नाव घातलं.

रजिस्टरला रकाने चार:
जनावर, मालक, काय केलं, काय झालं.
मॅडमनी फूटपट्टी धरून पाचवा आखला,
पेन्सिलीनं, समासातून जागा काढून.
दुखलं का.
मोठे साहेब हसले, "बाई, त्याला विचारलंत?"
"मामांना विचारलं."

मग मीटिंगा. वर्षानुवर्षं मीटिंगा.
एकदा टेबलावर टाइपाचा कोरा कागद ठेवला त्यांनी.
"पिंजऱ्यात एका कोंबडीला एवढी जागा. सव्वा वर्ष."
सगळे कागदाकडं बघत राहिले.
तेवढ्यात चहा आला, शिपायानं कप त्याच्यावरच ठेवला.
विषय पुढच्या बैठकीला गेला.
कपाचा ओला गोल उरला होता,
कागद तसाच त्यांनी फायलीला लावला.

शनिवारी स्टेशनाबाहेर, टांग्यांपाशी.
हबीबभाईंची घोडी, साजाखाली तळहाताएवढी जखम.
घोडी सोडून द्या, असं कधी म्हणाल्या नाहीत.
गोधडीचा तुकडा साजाला आतून शिवून दिला,
तिथंच, फुटपाथवर बसून.
हबीबभाई म्हणाले, "डॉक्टरीण आहे का शिंपीण?"
टांगे बंद पडल्यावर त्या घोडीचं काय झालं,
ते विचारत एक अख्खा रविवार कॅम्पात फिरलो आम्ही.
नाही कळलं.

बाणेरचं सांगू नये असं वाटतं.
एका सोसायटीच्या मागं, एका रात्रीत, अकरा कुत्री.
सगळ्यांचा डावा कान कातरलेला, आम्हीच कातरलेला.
त्याचा अर्थ, झालंय ऑपरेशन, आता राहू दे याला.
अकराही उघडून पाहिली.
पाचव्या रकान्यात अकरा वेळा 'हो',
"वरीलप्रमाणे" लिहू दिलं नाही मला.
मग चष्मा पुसत बसल्या. पुसतच बसल्या.

पोरांचं म्हणाल, तर निम्मी विसरली.
एक आहे खेडकडं, ढमढेरे आडनावाचा.
गोऱ्हे खच्ची करताना आधी भूल देतो,
भुलीचे पैसे लावत नाही.
दिवाळीला फोन करतो, मॅडमना नाही, मला.
त्यांची अजून भीती वाटते म्हणतो.

गेल्या महिन्यात मॅडम दवाखान्यात. खुब्याचं हाड.
मी गेलो, लेकीनं थालीपीठं दिली होती.
नर्स आली, केरळची पोरगी,
"आजी, दुखतं किती? दहामधून?"
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.
आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर सुचेना.
"सात," म्हणाल्या शेवटी. "नाही, साडेसहा लिही. खरं ते लिही."
पोरीनं तक्त्यावर लिहिलं.
रकाना छापील होता.
मॅडम वाकून बघायला लागल्या, वाकवेना.

सुई आली तेव्हा हात पुढं केला त्यांनी.
मी सवयीनं धरला.
हलला.
हलू दिला.